वहिनीची तार

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

पहिली तक्रार अशी, की मेलेल्या माणसानं सामान पाठवू नये. जिवंतपणी पाठवलं तर निदान परत धाडता येतं.

आता श्री. ही वही सृष्टीनं दिली, माझ्या नातीनं. डॉक्टर म्हणाले, हात थरथरतोय, रोज चार ओळी लिहीत जा. मी म्हटलं, चौथी शिकलेल्या बाईनं लिहायचं काय? म्हणाले, घडलं ते. पंधरा दिवस काही घडलं नाही, वही कोरी राहिली. आज घडलं.

महेश्वरीचं वाद्य आलं. महेश्वरी माझी नणंद, यांची धाकटी बहीण. गेल्या महिन्यात धारवाडात वारली, सत्तरी ओलांडून. लग्न नाही, मूल नाही. मृत्युपत्रात लिहून गेली म्हणे, की माझा व्हायोला सोलापूरला वहिनीच्या घरात ठेवावा. वहिनी म्हणजे मी, दानम्मा.

वाद्याची पेटी घेऊन उत्कर्षा नावाची बाई रिक्षातून उतरली. हितल्याच कॉलेजात शिकवते, महेश्वरीवर पुस्तक लिहितेय. पेटी पोटाशी धरलेली, बाळंतीण घरी आणल्यासारखी.

“आजी, कुठं ठेवू?”

“हितंच की. व्हरांड्यात.”

“आत नको? उन्हानं लाकूड तडकतं.”

“आमी पन तडकलो. ठेव तितं खुर्चीवर.”

तिनं ठेवली. मी वर जुनी चादर टाकली. आमचं बाळीवेशीतलं जुनं घर पाडून युवराजनं, माझ्या मुलानं, दोन मजली स्लॅब टाकला. उंबराही ग्रॅनाइटचा केला. पण त्या पेटीनं उंबरा ओलांडायचा नाही हे मामंजींनी पन्नास वर्षांमागं सांगितलं होतं. मामंजी गेले, सागवानी उंबरा गेला, बोलणं राहिलंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उत्कर्षा परत आली. छापलेला कागद घेऊन. अकरा प्रश्न. पोलीससुद्धा एवढे विचारत नाहीत.

तिच्याकडून मला समजलं की आमची महेश्वरी मोठी होती. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, आवाजानं जाडा. आम्ही त्याला मोठं फिडल म्हणायचो. सिनेमाच्या वाद्यवृंदात ते मागच्या रांगेत बसतं, दुसऱ्यांच्या सुरांना टेकू देतं, ऐकणाऱ्याला कळतही नाही. महेश्वरीनं ते एकटं पुढं आणलं. जमिनीवर मांडी घालून, वाद्याची मान उजव्या घोट्यावर टेकवून, दोन-दोन तास राग वाजवायची. तिच्याआधी असं कुणी करत नव्हतं म्हणे. मागच्या रांगेतल्याला पुढं आणलं. आमालाबी कुणी आणायचं होतं.

सातवा प्रश्न असा: वाद्याला आतड्याची तात लावली आहे, हे घरात कुणी सांगितलं?

झालं होतं ते एवढंच. आमच्या घरात महादेवाच्या देवळाची पूजा. अंडंसुद्धा घरात येत नाही. त्र्याहत्तर साली मामंजींना कळलं, की पोरीच्या फिडलाला तारेऐवजी बकऱ्याच्या आतड्याची तात आहे. फिडल काठीनं ढकलत अंगणात नेलं, वर पाणी शिंपडलं, आणि म्हणाले, एकतर हे नाहीतर घर. एकोणीस वर्षांची पोरगी. तिनं फिडल उचललं.

मी भेंडी चिरत होते. युवराजच बोलला, “माझी आजी असणार. लई कडक होती. सगळं तीच आजोबांच्या कानावर घालायची.”

उत्कर्षानं लिहून घेतलं.

भेंडी आज जरा चिकट झाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नऊ मार्चला, रविवारी, कार्यक्रम आहे. महेश्वरीचं स्मरण. दिवा मी लावायचा, शाल मला, आणि चार शब्द बोलायचे. पत्रिकेत छापणार: संगीताच्या वाटेवर साथ देणाऱ्या वहिनी.

मी उत्कर्षाला म्हटलं, “साथ तबल्याची असती. मी काय केलं?”

तिनं मोबाइलमधनं महेश्वरीची जुनी मुलाखत वाचून दाखवली. ‘माझ्या व्हायोलाची पहिली तार वहिनीनं आणून दिली.’

हे खोटं नाही. ते फिडल तिला तिच्या मास्तरांनी दिलेलं, साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, पेठेतले तेलुगू मास्तर, त्यांच्याकडं जुनं पडून होतं. सगळ्यात जाडी तार तुटली. मास्तर म्हणाले, पोरी, तार तूच आण. तिला दुकानात जायची बंदी, मला भाजीला जायची मुभा. मी नवी पेठेतल्या वाद्यांच्या दुकानात पदर दातात धरून उभी राहिले. दुकानदार विचारतो, कसली तार? मी म्हटलं, चांगली. हसला. वेटोळं करून कागदात दिलं. मेथीच्या जुडीत घालून घरी आणलं. काढताना तिचं टोक माझ्या अंगठ्यात घुसलं. रक्त आलं तर महेश्वरी अंगठा तोंडात धरायला धावली. मी म्हटलं, सर बाजूला, भाजीला डाग पडतील.

शाल घेणार नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागेल. घेईन म्हटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही. पेटीवर मांजर झोपतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शेंगा भाजल्या होत्या. मिक्सरची चटणी मला चालत नाही, तेल सुटत नाही. उखळात कुटत बसले. सृष्टीनं समोर मोबाइल ठेवला. “आज्जी, ऐक. महेश्वरीआजीचं वादन.”

सुरुवातीला कुणीतरी कण्हतंय असं वाटलं. मग आवाज सरळ झाला. व्हायोलिन मी लग्नात ऐकलंय, ते टोचतं. हा आवाज घोगरा, जमिनीवर बसलेला. माझा आवाजही असाच, बाप्याचा. सासूबाई म्हणायच्या, दानम्मा बोलली की वाटतं घरात कुणी परका पुरुष शिरला.

मी कुटत होते. मधेच लक्षात आलं, मोबाइलमधली चाल आणि माझं मुसळ एका ठेक्यावर पडतंय. चाल माझी होती. माझ्या आईची, माहेरच्या मैंदर्गीची. चटणी कुटताना मी कानडीत गुणगुणायचे. महेश्वरी समोर शेंगा सोलत बसायची. कानडी मीच शिकवली तिला, उखळापाशी. त्याच भाषेवर ती धारवाडात निभावली असणार.

आणि ही चाल तिनं हजार लोकांपुढं वाजवली. न विचारता. चोरटी.

सृष्टी मुलाखतीतलं अजून वाचत होती. ‘व्हायोलिन सोडून व्हायोला का, असं मला विचारतात. लहानपणी ज्या आवाजाजवळ मला बरं वाटायचं, तो आवाज जाडा होता.’

“कुणाचा गं आवाज, आज्जी?”

“मला काय म्हायीत. सासूबाईंचा तर बारीक होता, सुईगत. बापाचा असंल.”

सृष्टी माझ्याकडं बघत बसली. ही पोरगी हल्ली फार बघते.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

देवळात गेले. गर्दी. आरतीला नगारा सुरू झाला आणि मी हात जोडायचे विसरले.

फिडल अंगणात नेलं त्या दिवशी महेश्वरीनं बापाला एकच प्रश्न विचारला होता. “दादा, देवळातल्या नगाऱ्यावर कातडं कुणाचं हाय?” मामंजींनी थोबाडीत मारली. उत्तर दिलं नाही. उत्तर रेड्याचं आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक. आज पन्नास वर्षांनी पण तोच नगारा, रेडाच बदलत राहिला.

घरी येऊन लिहायला बसले. तेरा तारखेला मी लिहिलंय, ‘मामंजींना कळलं’. कळत काही नसतं. कुणीतरी सांगतं.

मी सांगितलं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी. त्या वर्षी मला माहेरी पाठवलं नाही. कामं आहेत म्हणाले. लेकी-सुनांना पंचमीला माहेर नाही तर मग कधी? बिगारी असले तरी दिवाळीला सोडतात. आणि त्याच सकाळी महेश्वरी सांगत आली की मास्तर तिला पंचमीच्या कार्यक्रमाला कुर्डुवाडीला नेणार, दादा हो म्हणालेत. तिला गाव, मला पोळ्या. मी मामंजींना ताट वाढलं आणि म्हटलं, “मामंजी, फिडलाला तात बकऱ्याच्या आतड्याची असती म्हनं. देवघराच्या भिंतीला टेकून ठिवत्यात ते.”

एवढंच. मीठ वाढावं तसं वाढलं.

पुढच्या पंचमीला मला पाठवलं. आई तेव्हा नव्हती.

उपासाची खिचडी उरली आहे.

१ मार्च, शनिवार

उत्कर्षानं पुस्तकाचं पान पाठवलं. सृष्टीनं वाचलं: ‘कर्मठ आईनंच मुलीच्या वाद्याची चुगली केली.’ आई म्हणजे माझ्या सासूबाई.

सासूबाईंची बाजू घेणारी मी नव्हे. त्यांनी मला पाच वर्षं शिळं खायला घातलं, आणि माझ्या हातच्या पोळीला कुत्र्याचा कान म्हणायच्या. पण लेक गेली त्या दिवसापासून त्या ताटावर बसून नुसत्या घास फिरवायच्या. मामंजी झोपले की दाराची कडी काढून ठेवायच्या. सकाळी लावायच्या. ही गोष्ट मला एकटीलाच ठाऊक आहे, कारण मी त्याच दाराशी निजायचे.

युवराजला म्हटलं, “हे बदलायला सांग. तुझी आजी तसली न्हवती.”

“आई, मेल्याला काय फरक पडतोय? कुणीतरी सांगितलंच असणार की. मग आजीच बरी. फोटोत हाय, बोलत न्हाय.”

“मग खरं कोन ते विचार की मला.”

हे मी म्हटलं. तोंडातून गेलं. तो जेवणाचा डबा बंद करत होता, दुकानाला उशीर झाला होता. म्हणाला, “संध्याकाळी सांग.” संध्याकाळी तो विसरला. मीही आठवण केली नाही.

४ मार्च, मंगळवार

पाऊस नाही, पाणी चार दिवसांआड. पिंप भरताना आठवलं ते लिहिते.

नव्व्याण्णव साली महेश्वरी आली होती. सोलापुरात तिचा कार्यक्रम होता. दुपारी रिक्षा थांबली, केस पांढरे, हातात हीच पेटी. मामंजी जाऊन तेरा वर्षं झालेली, सासूबाई दहा. हे गिरणीत. घरात मी एकटी. ती व्हरांड्यात उभी राहिली.

“वहिनी, पाणी दे. आत येत नाही, हे बरोबर आहे.”

तांब्या दिला. ती उभ्यानं पाणी प्याली. माझ्याकडं बघत होती. वाट बघत होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. आत ये एवढंच म्हणायचं होतं. आमच्या कानडीत तर अजून सोपं, ‘ओळगे बा’. दोन शब्द.

पण ये म्हटलं असतं तर ती पेटीसकट आली असती. पेटी आत येते म्हणजे बंदी फुकट होती. फुकट होती म्हणजे ती कुणाच्या सांगण्यावरनं आली, ते निघालं असतं. मी तांब्या परत घेतला आणि म्हटलं, “रिक्षावाला थांबलाय व्हय?”

“व्हय,” ती म्हणाली आणि गेली.

कार्यक्रमाला मी गेले. शेवटच्या रांगेत बसले. मध्येच उठून आले. लोकांना वाटलं, बाईचे गुडघे धरले.

७ मार्च, शुक्रवार

आज पेटी उघडली. मी नाही, उत्कर्षानं. रविवारी व्हायोला मंचावर ठेवायचा आहे, म्हणून तपासायला आली. सृष्टी, ती आणि मी व्हरांड्यात. आत तांबूस लाकूड, कमरेशी झिजलेलं, उखळाच्या काठासारखं. राळेचा वास. वाजवायचा गज एका बाजूला निजलेला.

झाकणात एक छोटा कप्पा. त्यातून उत्कर्षानं कागदाची घडी काढली. पिवळा, वाण्याच्या पुडीचा असतो तसला कागद. आत वेटोळं. जाडी तार, गंजलेली. कागदावर महेश्वरीचं अक्षर: वहिनीची तार.

सृष्टीनं ती उजेडात धरली. “आज्जी, ही तर लोखंडी आहे.”

“पोलादी,” उत्कर्षा म्हणाली. मग थांबली. “म्हणजे मग आतड्याची तात कुठं होती?”

मांजर येऊन पेटीत बसायला बघत होतं, मी त्याला हाकललं. जरा जोरातच.

उत्कर्षा म्हणाली, “आजी, मी मॅडमना शेवटी भेटले तेव्हा हेच विचारलं होतं. त्या हसल्या. म्हणाल्या, तारेचं वहिनीलाच विचारा.”

“काय सांगितलं तिनं अजून?”

“काहीच नाही. एवढंच. वहिनीलाच विचारा.”

“मग विचारलंस की तू. अकरा प्रश्न विचारलेस.”

“पण तुम्ही सातव्याला बोलला नाहीत. युवराजकाका बोलले.”

बाई हुशार आहे. पुस्तक सोमवारी छापायला जातं. रविवारी सकाळी नवाला ती फोन करणार, शेवटचं काही बदलायचं असेल तर तेव्हा.

ती गेल्यावर मी अंगठा बघितला. खूण नाही. पन्नास वर्षांत कातडं किती वेळा नवं होतं.

आता लिहायचं ते लिहिते, कारण सव्वीस तारखेलाही मी निम्मंच लिहिलं. तिथं वाचलं तर वाटतं, अडाणी सुनेनं ऐकीव गोष्ट सासऱ्याला सांगितली, तिला काय ठाऊक. तसं नाही.

तार आणली त्या दिवशी महेश्वरीनं मला उखळापाशी बसून समजावून सांगितलं होतं. “वहिनी, विलायतेत तात लावतात, बकऱ्याच्या आतड्याची. आपली तार हाय, पोलादी. तात न्हाय, तार. म्हणून तर दादांच्या घरात ठेवता आलं.” मी म्हटलं, तात काय नि तार काय, शेवटी कुईकुईच की. ती खूप हसली. दोघी हसलो.

तार माझ्या अंगठ्यात घुसली होती. आतडं अंगठ्यात घुसत नाही. मला ठाऊक होतं.

मामंजींच्या ताटाशी मी तार म्हणू शकले असते. तात म्हटलं. जीभ घसरली नाही. एक अक्षर मी बदललं, बघून, निवडून, जशी खड्याची डाळ निवडते. आणि अंगणात ती जेव्हा ओरडून सांगत होती, दादा, तार हाय ती, पोलाद हाय, हात लावून बघा, तेव्हा मामंजींनी माझ्याकडं बघितलं. खरं का, असं. मी मान खाली घातली. सून मान खाली घालते तेव्हा लोक तिला सोज्वळ म्हणतात.

महेश्वरीनंही माझ्याकडं बघितलं. म्हणून तर तिनं नगाऱ्याचं विचारलं. बापाला काय, मला काय, तारेचं सांगून उपयोग नाही हे तिला त्याच वेळी कळलं.

मग पन्नास वर्षं ती लोकांना सांगत राहिली, पहिली तार वहिनीनं आणली. दुसरं कुणालाच सांगितलं नाही. ही माफी आहे की शिक्षा, ते मला कळत नाही. चौथी शिकलेय मी. माफी असती तर तार जपून ठेवली नसती. शिक्षा असती तर नाव वहिनीची तार असं नसतं घातलं. तिला थेट विचारायला ती राहिली नाही, ही तक्रार नंबर दोन.

सृष्टी झोपायला जाताना म्हणाली, “आज्जी, तू सांगितलंस ना?”

मी म्हटलं, “जा, नीज.”

“नाही म्हणालीस तर मी विश्वास ठेवीन.”

मी नाही म्हणाले नाही.

८ मार्च, शनिवार

सकाळी पेटी आत घेतली. युवराज म्हणाला, मी उचलतो. मी म्हटलं, सर. जड आहे. महेश्वरी स्वतः एवढी जड नव्हती. उंबऱ्याशी गुडघा अडला तेव्हा ग्रॅनाइटवर हात टेकून थांबले आणि ‘ओळगे बा’ म्हटलं. पेटीला. सृष्टीनं ऐकलं असेल तर ऐकू दे, तिला कानडी येत नाही.

देवघरात ठेवली नाही. स्वयंपाकघरात, उखळाशेजारी, तिची बसायची जागा तीच होती.

मग युवराजला बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं चहा गार होऊ दिला. शेवटी म्हणाला, “आई, आता कशाला? पत्रिका वाटल्या. शाल आणलीय. बँकेचे साहेब येणारैत. लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, म्हातारी खोटारडी हाय.”

“आणि तू मंचावर बसणार?”

“बसू दिलं तर बसंन. न्हाय दिलं तर मागच्या रांगेत बसंन. मला सवय हाय. पन उठून येणार न्हाय.”

“आजीचं नाव तसंच राहू दे ना. एवढी वर्षं...”

“तुझी आजी रात्री कडी काढून ठिवायची,” मी म्हटलं. त्याला कळलं नाही. मग तेही सांगितलं. हा पन्नाशीचा बाप्या उठून आजीच्या फोटोपाशी जाऊन उभा राहिला. मी त्याला तसाच सोडला, कुकरची शिट्टी झाली होती.

थोड्या वेळानं आला आणि म्हणाला, “मी बोलतो उत्कर्षाशी. नीट शब्दांत सांगतो. गैरसमज झाला, असं.”

म्हणजे परत एक अक्षर बदलणार.

म्हणून हे मोठ्या अक्षरात लिहून वहीचं पान फाडणार आहे आणि फोनच्या वर चिकटवणार आहे. उद्या सकाळी नवाला उत्कर्षाचा फोन येईल. युवराजनं उचलायचा नाही. सृष्टीनं उचलायचा नाही, तिनं फक्त माझ्या कानाशी धरायचा, माझा हात थरथरतो. मी पूजेत असले तर पूजेतून उठवायचं. सातव्या प्रश्नाला या घरात दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. वहिनीलाच विचारा म्हटलंय, वहिनीच उत्तर देईल.